वाल्दाची उजवी मांडी

वाल्दाच्या प्रत्येक ट्रॅकपँटवर एक विटकी जागा असायची. उजव्या मांडीवर, गुडघ्यापासून साधारण वीतभर वर, किंचित बाहेरच्या बाजूला, अंगठ्याएवढी. पँट निळी असो की काळी, काही महिन्यांत तिथला रंग उडायचा. तो मैदानाच्या कडेला उभा असला की त्याचा अंगठा आपोआप तिथे जायचा आणि गोल गोल फिरत राहायचा. सामना रंगात आला की काही माणसं नखं खातात, तसं याचं हे, असं मी ठरवून टाकलं होतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माणसं कशी उभी राहतात, कुठे हात ठेवतात, हे बघणं माझं काम. ती जागा मी कित्येक वर्षं बघत होते आणि तिच्याबद्दल एकदाही विचारलं नव्हतं.

त्या बुधवारी सकाळीही त्याचा अंगठा तिथेच होता.

"आलीस? बरं झालं," तो म्हणाला. "मी बोलावलंय ते वस्तादांना बोलली नाहीस ना?"

"नाही बोलले. झालंय काय एवढं?"

त्याने गोलपोस्टकडे मान वळवली. इंद्रजित चौगले खांबाला टेकून, डावा पाय लांब करून बसला होता. मांडीवर हळदीचा लेप वाळून तडकला होता.

आमच्या कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा. जिथे कुस्ती चालायची त्याच तालमींचे संघ, आणि त्या तालमींच्या गल्ल्यांमधली जुनी भांडणंही तीच. आमचा संघ चिंचबाग तालमीचा. आदल्या संध्याकाळी आम्ही सेमीफायनल जिंकली होती, आणि शेवटच्या मिनिटांत समोरच्या बचावपटूचा गुडघा इंद्रजितच्या मांडीत बसला होता. रविवारी फायनल होती, निंबगल्लीशी. इंद्रजित आमचा सगळ्यात चांगला खेळाडू. पुढच्या महिन्यात बंगळूरच्या एका क्लबाने त्याला चाचणीसाठी बोलावलं होतं. आमच्या तालमीतून असं बोलावणं आजवर कुणालाच आलं नव्हतं.

मी ओल्या कापडाने लेप पुसला. मांडी उजव्या मांडीपेक्षा जाड झाली होती, कातडी ताणून चकाकत होती. मी गुडघा हळूहळू वाकवायला घेतला. अर्ध्यावर येण्याआधीच त्याने माझं मनगट धरलं.

"बास, ताई, बास!"

"काय म्हणतंय डॉक्टरीणबाईंचं शास्त्र?" मागून प्रतापदांचा आवाज आला. प्रताप साळोखे आमच्या संघाचे कोच. लहानपणी माझ्या वडिलांच्या हाताखाली कुस्ती शिकलेले, त्यामुळे मला ते अजूनही फ्रॉकातली शैला समजत.

"स्नायूत रक्त साकळलंय. बर्फ लावायचा, गुडघा वाकवून बांधून ठेवायचा. रविवारी याला खेळता येणार नाही."

"फायनल हाय ती, शैला. सत्यनारायण न्हवं, ह्या न्हाई तर पुढच्या आठवड्यात घालायला."

आजूबाजूची पोरं हसली. इंद्रजितही हसला.

"ताई, आबा हायत की," तो म्हणाला. "वाल्दाला उभा केला तसा मलाबी करतील. रात्री लेप घातलाय. आज संध्याकाळी हात लागला की रविवारी बघा, निंबगल्लीचा नाद मोडतो का न्हाई."

आबा म्हणजे माझे वडील, हिंदुराव वस्ताद. मार लागल्यावर पहिल्या दिवशी लेप, दुसऱ्या दिवसापासून रगडणं, ही त्यांची पद्धत. गल्लीतल्या बहुतेक माणसांचं अंग कधी ना कधी त्यांच्या हाताखालून गेलेलं. मुरगळलेला पाय, आखडलेली मान, धरलेली पाठ, पुष्कळ गोष्टी ते खरोखर बऱ्या करत. पण स्नायूला बसलेला ताजा, खोल मार रगडायचा नसतो. हे आम्हाला दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं.

"म्हणजे आबांनी चोळू नये, असं म्हणतीस तू?" प्रतापदांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मी माझं मत सांगितलं," मी म्हणाले. "ठरवायचं तुम्ही."

"मग ठरलं की. संध्याकाळी तालमीत."

प्रतापदा काही बोलले की मागे उभा असलेला वाल्दा मान हलवायचा. असिस्टंट कोच म्हणून त्याच्या कामाचाच तो भाग होता. त्या वेळी मात्र त्याने मान हलवली नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मी बॅगेची चेन लावायला खाली वाकले.

दुपारी तो माझ्या दवाखान्यात आला. माझं जेवण व्हायचं होतं, आणि बाहेर एकही पेशंट नव्हता. आतल्या खोलीत येऊन तो पलंगावर बसला. उजवा पाय त्याने नेहमीसारखा लांबच ठेवला.

वाल्दा म्हणजे वाल्देसीर. ब्राझीलमधल्या बाहिया प्रांतातला, समुद्रापासून आत, गुरांचा मोठा बाजार भरतो अशा गावचा. सतराव्या वर्षी मोठ्या शहरातल्या क्लबाच्या कुमार संघात गेला, मग तिकडच्याच तीन लहान क्लबांत खेळला. एका एजंटाने गोव्यात आणलं. गोव्याहून तो एका हंगामासाठी आमच्या तालमीत आला, तेव्हा पंचविशीत होता. वाल्देसीर म्हणायला पोरांच्या जिभा वळेनात, म्हणून वाल्दा झाला, आणि नावातच दादा आल्यामुळे त्याला वेगळा मान द्यावा लागला नाही. पहिल्याच सामन्यात त्याने तीन गोल केले. त्या रात्री गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकाही त्याला बघायला बाहेर आल्या होत्या, असं आई सांगायची. मी तेव्हा पुण्याला कॉलेजात नुकतीच गेले होते.

त्या हंगामात सेमीफायनलला त्याच्या मांडीत गुडघा बसला. आबांनी त्याला रोज सकाळ-संध्याकाळ रगडलं. फायनलला तो उतरला, कसाबसा धावला, आणि कॉर्नरवर डोक्याने गोल केला. तालमीला पुष्कळ वर्षांनी चषक मिळाला. तालमीच्या भिंतीवर मारुतीशेजारी एक मोठा फोटो होता. आबा मांडी घालून बसलेत, त्यांच्या मांडीवर वाल्दाचा पाय, दोघेही हसताहेत. दसऱ्याला त्या फोटोला हार पडायचा, आणि कुणीतरी मुद्दाम विचारायचं, "वाल्दा, गोल कुणी मारला?" वाल्दा म्हणायचा, "वस्तादांच्या हातानं मारला." मग टाळ्या, मग पेढे.

त्यानंतर तो पूर्वीसारखा कधीच खेळला नाही. एखाद-दुसरा हंगाम बदली म्हणून उतरला आणि मग असिस्टंट कोच झाला. वय झालं, लोक म्हणायचे. आमच्याकडची भाकरी जास्त झाली, प्रतापदा म्हणायचे.

"तू सकाळी अर्धं बोललीस," वाल्दा मला म्हणाला.

"मी सांगितलं की. बर्फ, विश्रांती..."

"वस्तादांनी हात लावायचा नाही, हे बोलली नाहीस."

"ते कसं बोलणार मी चारचौघांत?"

त्याने ट्रॅकपँट मांडीपर्यंत वर सरकवली. मग माझा हात धरला आणि त्या विटक्या जागेखाली जी जागा होती, तिथे ठेवला.

आधी बोटांना कळलं. मांस दाबलं जातं तिथे काहीतरी दाबलं जात नव्हतं. मी बोटं वर-खाली सरकवली. स्नायूच्या आत, बोटाएवढं लांब, कडेला खडबडीत. गाठ सरकते; हे सरकत नव्हतं. मी त्याला पोटावर झोपायला सांगितलं आणि गुडघा वाकवून टाच वर आणली. काटकोनाच्या थोडं पुढे जाऊन पाय अडला. दार अडसराला अडावं तसा.

हाड होतं. स्नायूत साकळलेल्या रक्तात कधी कधी हाड तयार होतं. मार ताजा असताना चोळलं, शेकलं, तर ते होण्याचा धोका वाढतो. पुस्तकात याचं एक पान असतं, एका चित्रासह. चित्र मी परीक्षेत काढलंही होतं.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"पुढच्या वर्षी. गोव्यात मोठ्या क्लबानं बोलावलं होतं ट्रायलला. पाय वाकंना. तिकडच्या डॉक्टरनं फोटो काढला. म्हणाला, कुणी रगडलं हे?"

"तू काय सांगितलंस?"

"पडलो म्हटलं. जिन्यावरनं."

"आणि परत इथेच आलास?"

"कुठं जाऊ मग? घरी आईला सांगितलं होतं, मी लई मोठा प्लेयर झालोय. लाज वाटली." तो उठून बसला आणि पँट खाली ओढली. "इथं स्टँडवर उतरलो तर वस्ताद स्वतः न्यायला आलेले. घरी गेलो. तुझ्या आईनं ताट वाढलं. माझं ताट वेगळं ठेवलं होतं तिनं, कुणाला देत नव्हती. मी काय बोलणार? जेवलो."

मी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले.

"असिस्टंट कोचला काय काम असतंय, सांग? कोच बोलला की मान हलवायची. मला जमलं ते. पण इंद्याला बंगळूरला जायचंय, शैला. त्याचा पाय वाकायला पाहिजे."

"मग तूच सांग ना आबांना. तुझा पाय आहे."

"मी त्यांचं मीठ खाल्लंय."

"मी पण त्यांचंच खाल्लंय."

"तू मुलगी आहेस. मी पाहुणा."

"एवढ्या वर्षांत पाहुणाच राहिलास?"

तो हसला. "पाहुण्यालाच वेगळं ताट असतंय."

तो गेल्यावर मी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

मी आबांना कधीच काही का सांगितलं नव्हतं, याला एक कारण होतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी ते मला भेटायला होस्टेलवर आले होते. धोतर, कोल्हापुरी फेटा, आणि अंगाला तो तेलाचा वास, जो कितीही धुतला तरी जात नाही. माझ्या मैत्रिणीचा पाय मुरगळलेला बघून ते तिथेच व्हरांड्यात खाली बसले आणि तिचा पाय मांडीवर घेतला. जाणाऱ्या-येणाऱ्या मुली थांबून बघायला लागल्या. "आबा, नको. इथं नको," मी म्हणाले आणि त्यांच्या दंडाला धरून त्यांना उठवलं. जिना उतरताना त्यांनी विचारलं, "लाज वाटली व्हय?" मी नाही म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर त्यांच्या हाताबद्दल मी वावगा शब्द काढला नव्हता. तालमीत ते, दवाखान्यात मी. कुणाला मार लागल्याचं कानावर आलं तरी मी विचारायला जात नसे, की तो ताजा होता का, खोल होता का. काही सांगायला गेले असते तर त्यांना वाटलं असतं, अजून लाजच वाटते हिला.

संध्याकाळपर्यंत मी एक उपाय शोधला. मोडलेल्या हाडाला आबा हात लावत नसत. तो त्यांचा नियम होता. तेव्हा हाडाला चीर असावी असं म्हणायचं. आबा थांबतील, इंद्रजितचा पाय वाचेल, फोटो भिंतीवर राहील, आणि कुणालाही काही कळणार नाही. मला तो उपाय फार व्यवस्थित वाटला.

तालमीत गेले तेव्हा आखाड्याच्या कडेला सतरंजी घातली होती. इंद्रजित फोटोखाली पाय पसरून बसला होता. दोन्ही बाजूंना संघातली पोरं, प्रतापदा खुर्चीवर, वाल्दा त्यांच्या मागे उभा. कोपऱ्यात शेगडीवर ओवा-लसूण घातलेलं तिळाचं तेल तापत होतं. आबा बाह्या वर सारत होते. सत्तरी ओलांडली होती, पण मनगटं अजून तशीच रुंद होती.

"ये, ये," ते मला बघून म्हणाले. "आज बाप-लेक मिळून रगडूया. बघूया निंबगल्ली काय करतीय ते."

"आबा, थांबा जरा," मी म्हणाले. "मी सकाळी बघितलाय हा पाय. मला हाडाला चीर वाटते. एक्स-रे काढल्याशिवाय हात लावू नका."

प्रतापदा खुर्चीत पुढे सरकले. "चीर? सकाळी बोलली न्हाईस ते?"

"सकाळी... नक्की नव्हतं."

आबांनी तेलाची वाटी खाली ठेवली. इंद्रजितजवळ बसले. मांडीच्या हाडावरून वरून खाली अलगद बोटं फिरवली, मग त्याची टाच डाव्या तळहातात धरून तिच्यावर उजवी मूठ हलकेच मारली.

"मांडीत कळ आली?"

"न्हाई, आबा."

पुन्हा मारली, जरा जोरात.

"आता?"

"न्हाई."

आबांनी माझ्याकडे बघितलं. "चीर असती तर पोरगं आढ्याला जाऊन डकलं असतं," ते म्हणाले. पोरं खदखदली. मग हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्यांनी विचारलं, "खोटं कशाला बोलतीस, शैला?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं. त्यांची तपासणी बरोबर होती. मी दवाखान्यात ती तशीच केली असती. मी आखाड्यातल्या लाल मातीकडे बघत उभी राहिले.

"भ्याली व्हय? अगं, ह्यो बघ की, जिता-जागता पुरावा हुबा हाय." त्यांनी वाटी उचलली आणि मान वर केली. "वाल्दा, सांग पोरीला. गोल कुणी मारला?"

वाल्दाने माझ्याकडे बघितलं. तो वाट बघत होता, हे मला कळत होतं. त्याचा अंगठा मांडीवर स्थिर होता, फिरत नव्हता. मी तोंड उघडलं असतं तर त्याला काहीच म्हणावं लागलं नसतं.

मी उघडलं नाही.

"वस्तादांच्या हातानं मारला," वाल्दा म्हणाला.

टाळ्या झाल्या. कुणीतरी शिट्टी घातली. वाल्दाही हसला, फोटोत हसत होता तसाच, आणि त्याची नजर माझ्यावरून निघून गेली. त्याने माझ्यावर राग धरला नव्हता. माझ्याकडून त्याला जी आशा होती, ती तेवढी त्याने सोडून दिली होती.

आबांनी इंद्रजितच्या मांडीवर तेलाची धार सोडली आणि दोन्ही तळहात एकमेकांवर घासले.

"आबा," मी म्हणाले.

"आता काय गं?"

"आधी वाल्दाची मांडी बघा."

"त्याच्या मांडीला काय धाड भरलीय?"

"वाल्दा, खाली बस," मी म्हणाले. "पाय दे आबांना."

त्याने नाही अशी मान हलवली. एकदा, दोनदा. मग तो सतरंजीवर बसला आणि पँट वर घेतली. मी आबांचं मनगट धरलं. त्या दिवशी दुपारी वाल्दाने माझा हात ठेवला होता, तिथेच तो ठेवला.

तेलाचा हात मांडीवरून सरकला आणि थांबला. आबांनी डोळे मिटले. काही शोधताना ते नेहमी डोळे मिटत. अंगठा वर गेला, खाली आला, कडेने फिरला. शेगडीवरच्या तेलात लसूण करपल्याचा वास यायला लागला, पण कुणी उठलं नाही.

"गाठ न्हवं ही," आबा म्हणाले. "हाड हाय."

त्यांनी डोळे उघडले.

"कवापासनं?"

"फायनलनंतर, वस्ताद."

"आन् मला बोलला न्हाईस?"

वाल्दाने पँट खाली ओढली. त्याच्या मांडीवर तेलाचा डाग उमटत गेला. "शैलाची आई ताट वाढत होती," तो म्हणाला.

आबा बराच वेळ आपल्या हाताकडे बघत बसले. वर फोटोकडे मात्र त्यांनी बघितलं नाही. मग ते माझ्याकडे वळले.

"तू शिकलीस," ते म्हणाले. "तू सांग. माझ्या हातानं झालं हे?"

नुसत्या मारानंही असं हाड तयार होऊ शकतं. निश्चित सांगता येत नाही, हे वाक्य शास्त्राला धरून होतं आणि माझ्या ओठांवर तयार होतं. इतकी वर्षं मी अशाच वाक्यांच्या मागे उभी होते. आबा उत्तराची वाट बघत होते, आणि त्यांचे तेलकट हात अजून तसेच, इंद्रजितच्या मांडीपासून वीतभर अंतरावर होते.

"मला वाटतं, हो," मी म्हणाले. "तुमच्याच हातानं. आणि इंद्याला तुम्ही हात लावायचा नाही, आबा. आज नाही, उद्याही नाही. मी लावू देणार नाही."